शेरा: उशिरा आणली

नोंदवहीत अकरा रकाने होते. अनुक्रमांक, आल्याची तारीख आणि वेळ, नाव, वय, गाव, कितवं बाळंतपण, प्रसूतीची वेळ, मुलगा की मुलगी, वजन, घरी गेल्याची तारीख आणि शेवटी शेरा. रकाने मला आवडतात. घरात वाण्याची यादी माझी असते, धोब्याची यादी माझी असते, प्रवासाला निघताना काय काय घ्यायचं ती यादीही माझीच असते. पन्नाशीला आले तरी उशाशी पेन्सिल असते आणि मुलं त्यावरून मला चिडवतात. अशा बाईला त्या वहीत एक रकाना कमी आहे हे कळायला वर्ष लागलं, याचा मला अजून राग येतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या आसपास नुकते कारखाने उभे राहू लागले होते. गावाबाहेर, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं आठ खाटांचं प्रसूतिगृह होतं. आता ते नाही. मी पुण्यात मिडवाइफचं शिक्षण घेऊन तिथे नोकरीला लागले होते. डॉक्टरीणबाई मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून आगगाडीने यायच्या. बाकीचे पाच दिवस कारभार सिस्टरांचा. सिस्टर चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघी मिडवाइफ आणि दोन आया.

कळा येतात म्हणून बाई आली की तिला तपासायचं. गर्भाशयाचं तोंड दोन बोटं उघडलं असेल तर खाट, नसेल तर घरी. खऱ्या कळा वाढत जातात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. खोट्या कळा येतात, दमवतात आणि विरून जातात. दोन्ही सारख्याच दुखतात, हे मात्र बाहेर कुणाला सांगून पटत नाही. नियमात काही चूक नव्हती. आठच खाटा होत्या, आणि खोट्या कळांच्या बाईला चार दिवस खाट दिली तर खरी अडलेली बाई जमिनीवर यायची. सिस्टरांच्या जागी मी असते तर मीही हाच नियम केला असता.

पण घरी पाठवलेली बाई नोंदवहीत जात नसे. नाव लागायचं ते खाट मिळाल्यावर. ती आली होती, तिला तपासलं, परत पाठवलं, याचा कुठे मागमूस राहायचा नाही. पुढे तिचं काय झालं हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा.

हे मला कळलं ते पिंपळे गुरवच्या एका बाईमुळे. दुपारी आली, तपासली, परत गेली. गाडीत चढताना तिला मीच हात दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आली तेव्हा पाणी जाऊन रात्र उलटली होती, आणि लाकडी नळी पोटावर कुठेही टेकवली तरी बाळाचे ठोके लागेनात. मूल गेलं. संध्याकाळी मी वही बघितली. शेऱ्याच्या रकान्यात सिस्टरांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: उशिरा आणली.

मी म्हटलं, "सिस्टर, ही काल आली होती."

"काल तिला कळा नव्हत्या."

"पण आली होती."

"आज कधी आणली? पाणी गेल्यावर बारा तासांनी. हा उशीर नाही?"

उशीर होताच. मी तिच्या सासूला विचारलं होतं, पाणी गेल्यावर लगेच का नाही आणलं? ती म्हणाली, "तुमीच म्हणाला न्हवं, आजून टाइम हाय म्हणून?"

त्याच आठवड्यात मी दुकानातून शंभर पानी वही आणली. माझ्या ड्यूटीवर घरी पाठवलेली प्रत्येक बाई तिच्यात लिहायची: तारीख, गाव, कितवं बाळंतपण, काय सांगून पाठवलं. उजवीकडचं पान कोरं ठेवायचं, पुढचं कळेल तेव्हा भरायला. कळायचं ते बाजारात, टांग्यात, कुणाच्या तरी जावेकडून. बहुतेकींचं चांगलं व्हायचं. चार दिवसांनी परत यायच्या आणि सुखरूप सुटायच्या, नाहीतर घरीच सुईणीच्या हातून. काहींचं चांगलं झालं नाही. किती, ते मी इथे लिहीत नाही. वहीत फक्त माझ्या ड्यूटीवरच्या बायका आहेत आणि त्यातलीही कितीतरी उजवी पानं कोरीच राहिली. त्यावरून आकडा सांगणं म्हणजे लबाडी होईल. पण एक गोष्ट आकड्याशिवायही दिसत होती. परत पाठवलेली बाई दुसऱ्यांदा यायला घाबरायची. दुखत असलं तरी दात आवळून बसायची. पुन्हा "अजून वेळ आहे" ऐकायला नको, आणि मग घरी जाऊन तोंडं बघायला नकोत.

भाद्रपदात रहाटणीची एक सासू तिच्या सुनेला घेऊन आली. रहाटणी नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात गाडी नदीपर्यंत यायची, मग नाव, मग अलीकडे उतरून चालत किंवा मिळाला तर टांगा. सून विशीची असेल. दुसरं बाळंतपण. पहिलं मूल घरी झालं, ते रडलंच नाही. हे तिने स्वतः सांगितलं नाही, सासूने सांगितलं, आणि सांगताना सून भिंतीकडे बघत होती. या खेपेला मूल दवाखान्यातच व्हायला पाहिजे असा नवऱ्याने हट्ट धरला होता. तो नव्या कारखान्यात लागला होता.

सुनेच्या ओच्यात तांदूळ आणि कुंकू लावलेला नारळ होता. बाळंतपणाला निघताना सासूने ओटी भरली होती. मूल झाल्यावर तो नारळ फोडायचा, अशी त्यांच्या घरची रीत.

मी तपासलं. तोंड घट्ट मिटलेलं. तासभर बसवून पुन्हा तपासलं. कळा निवल्या होत्या.

सासू म्हणाली, "म्हंजी? न्हाई व्हायचं आज?"

"आज नाही. आठ-दहा दिवस जातील."

"आन् ह्यो नारळ?"

"तो ठेवा तसाच."

"ठिवते. ठिवायला काय, नारळाला भाकरी घालावी लागत न्हाई."

सहा दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. तोच नारळ. कुंकू वाळून काळपट झालेलं. पुन्हा तेच झालं, पण या वेळी सासूच्या जिभेला धार आली होती.

"दोन डाव गाडी, दोन डाव नाव. आता नावाडी मला इचारतो, म्हातारे, फिरायला निघालीस व्हय? आन् ह्येच्या कंपनीतली मानसं ह्येला इचारत्यात, राव, पेढं कवा? दोन दिस खाडा झाला त्याचा."

सून खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, खरंच दुखत व्हतं."

"दुखत आसंल की. मला बी गुडघं दुखत्यात. मी कुठं नावंत बसून जाते?"

मी सासूला बाजूला घेऊन सांगितलं की खोट्या कळा म्हणजे सोंग नव्हे, सुनेला बोलू नका. तिने ऐकून घेतलं. मग मी सिस्टरांकडे गेले. म्हटलं, नदीपलीकडच्या बायकांना दिवस भरल्यावर ओसरीत राहू द्यावं. खाट नको. चटई आणि पांघरूण त्या घरून आणतील, जेवण घरून येईल. कळा खऱ्या झाल्या की आत घ्यायचं.

सिस्टर म्हणाल्या, "ही धर्मशाळा नाही. आज दोन बसतील, उद्या दहा. संडास किती आहेत आपल्याकडे?"

"दोन."

"मग?"

सिस्टरांचं असंच. तुमच्याच तोंडून आकडा काढून घ्यायच्या आणि मग गप्प बसायच्या. मी धुमसत परत आले. आणि डोकं धुमसत असताना मी जे नेहमी करते तेच केलं. यादी केली.

त्या सुनेला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी घड्याळ नव्हतं. पण नव्या कारखान्याचा भोंगा नदीपलीकडे ऐकू जायचा. सकाळी सातला पहिला, साडेसातला दुसरा. दुपारी बारा आणि साडेबारा. संध्याकाळी पुन्हा दोन. म्हणजे दिवसातून तीन वेळा अर्ध्या तासाचं माप आपोआप मिळत होतं. मला ते सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले, हे कबूल करते. स्वयंपाकघरातून दहा चिंचोके आणले, फडक्यात बांधले आणि तिच्यासमोर बसले.

"पहिला भोंगा झाला की चिंचोके डाव्या हाताला ठेवायचे. कळ आली की एक उजवीकडे. दुसरा भोंगा होईपर्यंत चार उजवीकडे गेले की लगेच निघायचं. तीनच गेले तर थांबायचं, पुढच्या भोंग्याला पुन्हा मोजायचं. कळलं?"

तिने सगळं मला उलट म्हणून दाखवलं. एकही चूक नाही.

"पाणी गेलं, अंगावर गेलं किंवा बाळ हलायचं थांबलं, तर मोजायचं नाही. तसंच निघायचं."

तेही म्हणून दाखवलं.

आणि मग मी एक वाक्य जास्त बोलले, असं माझे यजमान म्हणतात. जास्त नव्हे, तेच मुख्य होतं. तिसऱ्या वेळी तिला सासूसमोर खाली मान घालायला लागू नये म्हणून मी तिला बजावलं, "न मोजता येऊ नका. मोजून आलात की कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही. मी स्वतः बघेन."

तिचा चेहरा उजळला. तिच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी पुरावा आला होता. फडकं कमरेला खोचून ती गेली. मी वहीत लिहिलं: चिंचोके दिले, भोंगा समजावला.

पुढच्या सहा-सात दिवसांत मी आणखी तिघींना चिंचोके दिले. त्यातली एक काळेवाडीची, अगदी वेळेवर आली. तोंड तीन बोटं. मी सिस्टरांना तिच्या हातातले चार चिंचोके दाखवले. सिस्टर म्हणाल्या, "बरं आहे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मग तो रविवार आला.

सकाळचे साडेअकरा झाले असतील. मी बाळांची अंघोळ उरकून टॉवेल मोजत होते. नावाडी धापा टाकत फाटकातून आत आला.

"बाई, चला बिगीनं. रहाटणीची ती पोर, पल्याड थडीवर हाय. नावंत चढवायला गेलो तर खालीच बसली. डोस्कं दिसतंय म्हनती म्हातारी."

मी वळून बघितलं तर सिस्टर मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, ड्यूटी सोडून जाता येणार नाही. पण त्या आत गेल्या आणि माझी पिशवी घेऊन आल्या. रबराचं कापड, कात्री, नाळ बांधायची दोरी, रक्त थांबवायचं इंजेक्शन, सगळं त्यांनी स्वतः भरलं होतं. मी नंतर यादीशी ताडून बघितलं. एकही वस्तू विसरल्या नव्हत्या.

नदीपर्यंतची वाट मी आणि नावाडी निम्मी धावत गेलो. चालता चालता मी त्याला विचारलं, "इतका वेळ काय करत होती ती घरी?"

"मला काय म्हाईत बाई? म्हातारी बाजारला आल्ती अल्याड, सकाळच्या पारी. दहाच्या सुमाराला मीच तिला पल्याड सोडली. आन् तासाभरानं बघतो तर गाडी घिऊन हजर. बैल तिनंच हानलं."

"मुलगा कुठे होता तिचा?"

"रानात आसंल. सुट्टी हाय न्हवं आज कंपनीला."

मी रस्त्यात थांबले. नावाडी चार पावलं पुढे जाऊन वळला. "काय झालं बाई?"

सुट्टी. रविवार. भोंगा वाजलाच नव्हता.

आमच्याकडे रविवार नसायचा. बायका रविवार बघून बाळंत होत नाहीत आणि आमची सुट्टी पाळीपाळीने, कधी बुधवारी, कधी शनिवारी. तीन वेळा भोंगा, त्याचं अर्ध्या तासाचं माप, चार चिंचोके, पाणी, रक्त, हालचाल, सगळं मी लिहिलं होतं. आठवड्यातून एक दिवस कारखाना बंद असतो, एवढं लिहायचं राहिलं होतं. मी पुन्हा चालायला लागले.

पल्याडच्या काठावर गाडी सोडलेली होती. तिच्या आडोशाला दोन बायकांनी लुगडं धरलं होतं. नाव टेकायच्या आधीच मला आवाज आला. बारीक, चिडलेला, तुटक. मी आयुष्यात शेकडो बाळांचं पहिलं रडं ऐकलं आहे. हे एकच असं, जे ऐकून मी नावेत खाली बसले.

मुलगी झाली होती. सासूने तिला पदरात धरलं होतं. पुढे ती मला सांगत होती, ते असं. "निळी पडली व्हती. नाळ गळ्याला. म्या बोटानं काढली आन् उलटी धरून पाठीत दोन दिल्या. म्हणलं रड, रड, तुज्या आईनं लई वाट बघितलीया. मग रडली."

पण सून पांढरी पडली होती. वार अर्धी अडकलेली आणि रक्त थांबत नव्हतं. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, वार आली. रक्त कमी झालं, तरी तिचे हात गार. नावेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या कमरेला ते फडकं तसंच खोचलेलं होतं. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगायला सुरुवात केली.

"झुंजुमुंजू व्हतं तवापासनं कळा व्हत्या. भोंग्याची वाट बघितली. वाजला न्हाई. म्हणलं, वारं उलटं आसंल. मग ध्येनात आलं, आज सुट्टी हाय."

"मग सासूबाईंना का नाही सांगितलंस?"

"त्या बाजारला गेल्या व्हत्या. आन् तुमी म्हणला व्हता, न मोजता येऊ नको." मग म्हणाली, "मला वाटलं, बाईंनी येवढं सगळं बघितलंय, तर सुट्टीचं बी बघितलं आसंल. तुमी काय तरी इचार करूनच सांगितलं आसंल."

मी तिचे गार हात चोळत राहिले. सासू मुलीला घेऊन समोर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग पाण्याकडे बघायला लागली. दोन खेपांना मला एवढं ऐकवणारी म्हातारी त्या वेळी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

या वेळी तिला खाट मिळाली. पाच नंबरची, खिडकीजवळची. तीन दिवस आम्ही तिला सांभाळलं. चौथ्या दिवशी हातापायांना ऊब आली आणि तिने पेजेची दुसरी वाटी मागितली. मुलगी अंगाने लहान, पण पिणारी. दोघी वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं मी रागाने लिहिणार आहे.

रविवारी संध्याकाळी मी नोंदवही उघडली. अकरावा रकाना. बाहेर प्रसूत. उशिरा आणली.

मी वही घेऊन सिस्टरांच्या खोलीत गेले. "सिस्टर, ही दोनदा आली होती. तारखा माझ्याकडे आहेत. तुम्ही उशिरा आणली कसं लिहिता?"

"मग काय लिहू?"

"यापूर्वी दोनदा आली होती, परत पाठवली. एवढंच."

"कुठल्या रकान्यात?"

"शेऱ्यात."

"शेऱ्यात आजचं लिहायचं असतं. आणि असं बघ, तुझ्या चिंचोक्यांचंही लिहू का मग? भोंग्याचं? रविवारचं?"

मी म्हटलं, "लिहा."

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "हे बघ, बाई वाचली, मूल वाचलं. आता कशाला?"

इथेच माझं डोकं फिरलं. पिंपळे गुरवच्या बाईचं मूल गेलं तेव्हा त्या लोकांचा उशीर होता. या बाईचं मूल राहिलं तर विचारायचं कारणच उरलं नाही. म्हणजे काहीही झालं तरी आमची वही स्वच्छ! हे मी बोलून दाखवलं, आणि जरा मोठ्यानेच. आया दारात येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "जा, सात नंबरला एनिमा द्यायचा आहे." मी गेले. द्यायचा होताच.

मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी माझी शंभर पानी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उभ्या उभ्या पाच-सहा पानं वाचली. भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "हे फार चांगलं काम आहे. पण याचं करायचं काय? खाटा आठच आहेत." मी ओसरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिस्टरांशी बोला." मग त्यांनी ट्रस्टची नोंदवही तपासली, खाली सही केली आणि लिहिलं: नोंदी नेटक्या आहेत.

दहाव्या दिवशी सून घरी निघाली. सासूने प्रसूतिगृहाच्या पायरीवरच तो नारळ फोडला. तीन खेपांना नदी ओलांडून आलेला नारळ. मला वाटलं खवट निघेल, पण निघाला चांगला. एक वाटी तिने माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "आजी, माझ्यामुळे झालं हे." ती म्हणाली, "तुमच्यामुळं कसं? तुमी यकदा इसरला. म्या तर दोन डाव पोरीला बोलून बोलून गप केली." आणि मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "पर तुमचं ते चिंचोकं आता ऱ्हाऊ द्या. कालवणात घाला."

मी चिंचोके बंद केले. त्याच दिवशी, ज्यांना दिले होते त्या बाकीच्या दोघींना निरोप धाडले: मोजत बसू नका, दुखलं की या. परत पाठवलं तर पुन्हा या. निरोप पोचले का, ते वहीत आहे. एकीला पोचला. दुसरी तोवर माहेरी गेली होती. तिचं उजवं पान कोरं आहे.

पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात, तीच सासू पुन्हा फाटकात उभी राहिली. या वेळी बाळंतपणाला आलेली तिची लेक बरोबर होती. डोक्यावर घोंगडी आणि पिठाचं गाठोडं, हातात पितळी तांब्या. मी तपासलं. तोंड एक बोटसुद्धा नाही. मी काही बोलायच्या आत म्हातारी ओसरीत गेली, घोंगडी अंथरली आणि लेकीला म्हणाली, "बस गं."

सिस्टर बाहेर आल्या. "आजी, आज काही होणार नाही. घरी जा."

"म्हाईत हाय. आमाला खाट नगं. आमी हितं बसतो."

"ही धर्मशाळा नाही."

"ते बी म्हाईत हाय. धर्मशाळंत रातच्याला दिवा आसतो."

आया फिसकन हसल्या. सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं तशा त्या पळाल्या. मग सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच हे शिकवून पाठवलं होतं. मी शपथेवर सांगते, नव्हतं. मला हे सुचलंच नसतं. मी परवानगी मागत बसले होते.

दोघी चार दिवस राहिल्या. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून म्हातारी भाकऱ्या थापायची. संडासाच्या दोन बादल्या पाणी तीच भरायची, कुणी न सांगता. पाचव्या दिवशी सकाळी लेकीच्या कळा खऱ्या झाल्या, तिला उचलून आत नेलं आणि दुपारी मुलगा झाला. पुढच्या महिन्यात काळेवाडीची एक आली, तिच्या हातातही घोंगडी. मग सांगवीची. कुणी कुणाला सांगितलं ते मला माहीत नाही. सिस्टरांनी परवानगी दिली असं कधी झालं नाही. एका संध्याकाळी ओसरीच्या तुळईला कंदील टांगलेला दिसला. मी आयांना विचारलं, त्यांनी टांगला नव्हता.

मी तिथे आणखी तीन वर्षं होते. नोंदवही दोनदा संपली, दोनदा नवी आली, छापून. दोन्ही वेळा मी छापायच्या आधी बारावा रकाना मागितला आणि दोन्ही वेळा अकराच आले. ओसरीत बसलेल्या बायकांची नावं नोंदवहीत नव्हती. खाट नाही, म्हणून नाव नाही. माझ्या दृष्टीने हे आजही चूक आहे, आणि म्हातारीच्या घोंगडीने ती सुटली नाही. घोंगडी घेऊन येण्याइतकी म्हातारी प्रत्येक घरात नसते.

माझी शंभर पानी वही अजून आहे. रहाटणीच्या सुनेच्या डाव्या पानावर तीन नोंदी आहेत. उजव्या पानावर मुलीचं वजन आहे, आईला किती दिवस ठेवलं ते आहे, आणि त्याखाली त्या रविवारी संध्याकाळी, सिस्टरांच्या खोलीतून आल्यावर, मी शेऱ्याचा रकाना आखला. त्यात लिहिलं आहे: वेळेवर आली होती. दोनदा. तिसऱ्या वेळी मी थांबवली.